रबर प्लँट छताला टेकलाय? आषाढात गुटी बांधा

हॉलच्या कोपऱ्यातला रबर प्लँट काही वर्षांत छताला टेकतो. खालची पानं गळून दांडा उघडा पडतो आणि वर चार पानांचा झुपका उरतो. मग कुणी शेंडा छाटून कचऱ्यात टाकतं, कुणी तो पाण्याच्या बाटलीत खोचून रोज बघत बसतं. बाटलीतला शेंडा कधी मुळं धरतो, पण एवढ्या मोठ्या पानांचा भार घेऊन बऱ्याचदा कुजतो. त्यापेक्षा पाऊस स्थिरावला की झाडावरच गुटी बांधा, म्हणजे दांड्याची साल गोल काढून तिथे ओलं मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) प्लास्टिकने बांधा आणि मुळं फुटली की तो भाग कापून लावा. दसऱ्याच्या आत दीड फुटाचं, स्वतःच्या मुळांवरचं रोप हातात येतं.

डाळिंबवाल्या शेतकऱ्याला गुटी शिकवायला नको. पद्धत तीच, फरक चिकाचा. रबर प्लँट वड, पिंपळ, उंबराच्या कुळातला. टायरचं रबर ज्याच्यापासून होतं ते झाड वेगळं, पण चीक यालाही भरपूर. मुळं फोडण्याची हौस तर इतकी की मेघालयात खासी लोक याच झाडाची हवेतली मुळं ओढ्यावरून वळवत नेऊन जिवंत पूल तयार करतात. आपल्याला पूल नको, मूठभर मुळं पुरेत.

आधी शेंड्याकडे बघा. टोकाला लालसर, टोकदार वेष्टन दिसत असेल आणि त्यातून नवं पान उलगडत असेल तर झाड वाढीला लागलंय, गुटीला तयार आहे. टोक थिजलेलं असेल तर थांबा. जुलै-ऑगस्ट सगळ्यांत चांगला. थंडीत बांधलेली गुटी नाशिक-पुण्याकडे नुसती लटकत राहते.

शेंड्यापासून फूट-दीड फूट खाली पेन्सिलीएवढा किंवा थोडा जाड, निरोगी भाग निवडा. त्या जागची दोन-तीन पानं काढा. हातात मोजे घाला, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि चांगला शर्ट घालून हे काम करू नका. चिकाचा डाग जात नाही. चीक त्वचेला खाजतो, डोळ्यात तर जाऊच देऊ नका. लहान मुलं आणि मांजर त्या वेळी दुसऱ्या खोलीत बरी.

धारदार, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने पेराच्या (पान फुटतं त्या जागेच्या) लगेच खाली साल गोलाकार कापा. तिथून इंचभर खाली दुसरा गोल काप द्या. दोन्हींना जोडणारी उभी चीर दिली की साल बांगडीसारखी निघते. पांढरा चीक भळाभळा येईल. ओल्या फडक्याने पुसत राहा, थोड्या वेळात थांबतो.

आता खरी मेख. साल निघाल्यावर आतल्या लाकडावर एक बुळबुळीत थर राहतो. तो चाकूच्या पाठीने खरवडून काढायचा, बोट फिरवलं तर लाकूड कोरडं, खरखरीत लागलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. दोन महिन्यांनी प्लास्टिक सोडलं तर मॉस स्वच्छ, मूळ एकही नाही, आणि कापलेल्या जागेवर नव्या सालीची पट्टी खालपासून वरपर्यंत जुळून आलेली. झाडाने जखम भरून काढली होती, त्याला मुळांची गरजच पडली नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतं. साल पूर्ण तुटली तरच अन्न वरच्या कडेला अडतं आणि तिथे मुळं फुटतात. म्हणून मुळं फोडणारी आयबीए पावडर लावायचीच असेल तर फक्त वरच्या कडेला, चिमूटभर. नाही लावली तरी हे झाड अडून बसत नाही.

स्फॅग्नम मॉस तासभर भिजवा आणि मुठीत घट्ट पिळा. थेंब गळत असेल तर अजून पिळा. मुठीएवढा गोळा कापाभोवती दाबून बसवा, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळा. गॅलरीत किंवा गच्चीवर झाड असेल तर वरची गाठ जास्त घट्ट हवी. मुंबई-कोकणात दांड्यावरून ओघळणारं पाणी आत शिरून गुटी कुजते. सोलापूर-मराठवाड्यात उलटी अडचण: पावसाने ओढ दिली की मॉस सुकतं. तिथे इंजेक्शनच्या सुईने थोडं पाणी आत सोडा. ऊन लागत असेल तर वरून कागद गुंडाळा.

महिना-दीड महिन्यात प्लास्टिकच्या आत पांढरी मुळं दिसू लागतात. लगेच कापायची घाई नको. मुळांनी गोळा वेढला आणि काही तपकिरी झाली की गुटीच्या खाली कापा. प्लास्टिक काढा, पण मॉस उपटायला जाऊ नका. कोवळी मुळं त्याच्यासोबत तुटतात. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समान भाग घेऊन आठ इंची कुंडीत लावा, काठीचा आधार द्या, मोठी एक-दोन पानं कमी करा. पहिले दोन-तीन आठवडे उजेड भरपूर, थेट ऊन नको. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं.

रोपं विकायची असतील तर एका मोठ्या झाडाच्या सगळ्या फांद्यांना एकदम गुटी बांधू नका, एक तृतीयांश पुरे. आणि सुटं पान लावून रोप होईल या आशेवर राहू नका. पानाला मुळं येतात, कधी वर्षभर हिरवंही राहतं, पण देठाशी डोळा (कोंब फुटणारी कळी) नसेल तर त्यातून कोंब कधीच येत नाही.

कापलेल्या मूळ झाडाला पाणी जरा कमी करा, पानं कमी झाल्याने त्याची तहानही कमी होते. काही आठवड्यांत कापाखालच्या पेरांतून लालसर टोकं डोकावतील. त्यातली दोन-तीन राखा, बाकीची कोवळी असतानाच खुडून टाका.