आय-टू-सी ड्रायव्हरमध्ये डीएमए: कधी वापरायचा, कधी सोडून द्यायचा

आय-टू-सी म्हणजे चिपना एकमेकींशी बोलायची दोन तारांची संथ बस. तिच्या कंट्रोलरचा लिनक्स ड्रायव्हर लिहायला घेतलात, तर माझा पहिला आग्रह असा: आधी पीआयओ, म्हणजे सीपीयूने स्वतः बाइट उचलून टाकायची पद्धत, नीट चालू करा. डीएमए, म्हणजे सीपीयूऐवजी वेगळ्या इंजिनने डेटा मेमरीत नेणं-आणणं, त्यानंतर, आणि तोही प्रत्येक मेसेजची लांबी बघून.

हिशेब करून बघा. ४०० किलोहर्ट्झला एका बाइटला ८ बिट आणि एक अ‍ॅक (बाइट मिळाल्याची पोच), असे ९ क्लॉक लागतात, म्हणजे २२.५ मायक्रोसेकंद. सेन्सरचं दोन बाइटचं रजिस्टर वाचायला पत्ता, रजिस्टर नंबर, पुन्हा पत्ता आणि डेटा मिळून बसवर पाचच बाइट जातात. तेवढ्यासाठी बफर (डेटा ठेवायची मेमरी) इंजिनसाठी मॅप करा, कॅश सांभाळा, डिस्क्रिप्टर (इंजिनला द्यायची कामाची नोंद) मांडा, शेवटी सगळं उलगडा, हा घाट परवडत नाही. २४सी२५६ ही ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा राखणारी मेमरी चिप) अख्खी वाचायची असेल तर गोष्ट वेगळी. ३२,७६८ बाइट, बसवर जवळपास पाऊण सेकंद, आणि बाइटमागे एक इंटरप्ट (सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) धरला तर तितकेच इंटरप्ट. इथे डीएमए सीपीयूला खरंच मोकळं करतो.

किती बाइटपासून डीएमए वापरायचा, ती मर्यादा किती ठेवायची? कर्नलच्या दस्तऐवजात ८ बाइटचा ठोकताळा दिला आहे. आर-कार चिपच्या ड्रायव्हरने ८ धरले आहेत, आय-एमएक्स चिपच्या ड्रायव्हरने १६. तुमच्या कंट्रोलरला १६ बाइटचा फिफो (बाइट रांगेत ठेवायची छोटी जागा) असेल तर त्याहून कमी मर्यादा ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता मेमरी. आय-टू-सीमध्ये बफर डीएमएसाठी सुरक्षितच, म्हणजे इंजिनला थेट वापरता येईल असाच, असला पाहिजे, अशी सक्ती नाही. म्हणून कंट्रोलरच्या ड्रायव्हरने तसं कधीही गृहीत धरायचं नाही. एसपीआय या दुसऱ्या बसमध्ये नेमकं उलट आहे: तिथे बफर सुरक्षित देणं ही डिव्हाइस ड्रायव्हरची, म्हणजे बसवरच्या चिपच्या ड्रायव्हरची, जबाबदारी. अपवाद एसपीआय_राइट_देन_रीड या फंक्शनचा, कारण ते डेटा स्वतःच्या बफरमध्ये कॉपी करून घेतं. एका बसवरून दुसऱ्या बसवर कोड नेताना हा फरक हमखास विसरला जातो.

डिव्हाइस ड्रायव्हर लिहिणाऱ्याने खरं सांगायचं, इतकंच. बफर केमॅलॉकने (कर्नलकडून मेमरी मागायचं फंक्शन) स्वतंत्र घेतला असेल तर मेसेजवर आय२सी_एम_डीएमए_सेफ हा फ्लॅग लावा. स्टॅकवरच्या अ‍ॅरेला तो कधीच लावू नका. कर्नलचा व्हीमॅप_स्टॅक हा पर्याय चालू असेल तर स्टॅक व्हीमॅलॉकच्या भागात (जिथली पानं प्रत्यक्ष मेमरीत सलग असतीलच असं नाही) असतो आणि तो सरळ मॅप करता येत नाही.

सर्वांत फसवी चूक म्हणजे केमॅलॉक केलेल्या स्ट्रक्चरच्या पोटातच बफर ठेवणं. समजा ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनमध्ये (कॅश एका वेळी हाताळते तो मेमरीचा तुकडा) १६ बाइटचा बफर आणि त्याला खेटून 'रेडी' नावाचा फ्लॅग आहे. डीएमए चालू असताना सीपीयूने रेडी = १ केलं, ते अजून कॅशमध्येच आहे. वाचन संपलं, कर्नलने ती लाइन इनव्हॅलिडेट केली, म्हणजे कॅशमधली प्रत टाकून दिली, आणि तुमचा १ गेला. उलटही होतं: ती लाइन मेमरीत परत लिहिली गेली, तर नुकताच आलेला डेटा पुसला जातो. कॅश-कोहेरंट मशीनवर (जिथे हार्डवेअरच कॅश आणि मेमरी जुळती ठेवतं) यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ही चूक टेस्टमधून सुटते. बफर वेगळा अ‍ॅलोकेट करा आणि विषय संपवा.

कंट्रोलरच्या बाजूला दोन धोरणं चालतात. एक, फ्लॅग नसेल तर सरळ पीआयओ. दोन, आय२सी_गेट_डीएमए_सेफ_एमएसजी_बफ हे कर्नलचं फंक्शन वापरायचं. मेसेज मर्यादेपेक्षा लहान असेल किंवा मेमरी मिळाली नाही, तर ते नल देतं, मग पीआयओ करा. फ्लॅग असेल तर मूळ बफर मिळतो, नसेल तर बाउन्स बफर, म्हणजे मधली तात्पुरती सुरक्षित जागा. हे फंक्शन फक्त प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये (जिथे कोडला थांबून वाट बघता येते) बोलवा. मशीन बंद होताना पॉवर चिपशी बोलणाऱ्या अ‍ॅटॉमिक ट्रान्सफरमध्ये (जिथे तसं थांबता येत नाही) डीएमएला हातच लावू नका.

मॅप करताना डिव्हाइस कुठलं देता याकडे बघा. मेमरीला हात लावतो तो डीएमए इंजिन. म्हणून डीएमए_मॅप_सिंगलला चॅनेलच्या मालकाचं डिव्हाइस द्यायचं, आय-टू-सी कंट्रोलरचं नाही. मध्ये आयओएमएमयू (कुठल्या डिव्हाइसने कुठली मेमरी वापरायची ते ठरवणारं हार्डवेअर) असेल तर ही चूक लगेच फॉल्ट होऊन समोर येते. डीएमए_मॅपिंग_एररही तपासा.

टाइमआउट किंवा नॅक (पोच न देणारं उत्तर) आला की क्रम पाळा: आधी डीएमएइंजिन_टर्मिनेट_सिंक, मग अनमॅप, मग आय२सी_पुट_डीएमए_सेफ_एमएसजी_बफ, शेवटच्या पॅरामीटरला फॉल्स देऊन. टर्मिनेट करण्याआधी बफर सोडलात, तर इंजिन दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत लिहीत राहील. वाचताना शेवटच्या बाइटचा नॅक आणि स्टॉप बऱ्याच कंट्रोलरना वेळेवर सांगावा लागतो, त्यामुळे शेवटचे एक-दोन बाइट पीआयओनेच घ्यावे लागतात. ते डेटाशीटमध्ये शोधा.

चाचणीसाठी कर्नलमध्ये डीएमए_एपीआय_डीबग चालू करा आणि आय२सीट्रान्सफर ही कमांड वापरा. त्या मार्गाने आलेल्या मेसेजवर कर्नल सेफचा फ्लॅग स्वतःच लावतो. मर्यादेपेक्षा एक बाइट कमी, नेमकी मर्यादा आणि एक बाइट जास्त, अशा तिन्ही लांबी वाचून बघा. मग बसवर नसलेल्या पत्त्यावर मोठा मेसेज पाठवा, आणि त्यानंतर लगेच चालू चिपकडून वाचा. ते वाचन बरोबर आलं तरच एररचा मार्ग नीट लिहिला आहे असं धरा.