पेल्टियर मॉड्यूलमधून वीज: सगळा खेळ सांध्यांचा

मेणबत्तीवर मोबाईल चार्ज करून दाखवणारे व्हिडिओ आधी डोक्यातून काढा. पेल्टियर मॉड्यूल म्हणजे एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की वीज देणारी चकती. अशा एका मॉड्यूलमधून अर्धा वॅट निघाला तरी काम फत्ते समजायचं. मोबाईलच्या अगदी साध्या चार्जरलाही पाच वॅट लागतात. आपण एलईडी पेटवू. तो मात्र पेटेल.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात टीईसी१-१२७०६ मॉड्यूल मागा. चार सेंटिमीटरची चौकोनी चकती, आत बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाच्या १२७ जोड्या. सोबत जुन्या कॉम्प्युटरचा हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा), पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आणि थर्मल पेस्ट.

रचना सोपी: सिंकच्या पात्या बर्फाच्या पाण्यात, वर मॉड्यूल, त्यावर पट्टी आणि पट्टीवर उकळत्या पाण्याचं छोटं पातेलं. मुंबईत मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट येतं, त्यामुळे बर्फ हवाच. ज्योत लावू नका. साध्या मॉड्यूलच्या आतलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं. पाणी शंभराच्या वर जात नाही, म्हणून तेच बरं.

आता खरी गोम. वर १००, खाली ०, आणि या मॉड्यूलला अंशामागे साधारण ०.०५ व्होल्ट मिळतात. म्हणजे मीटरवर पाच व्होल्ट दिसायला हवेत. दिसतात दीड. याचा अर्थ मॉड्यूलच्या दोन बाजूंमध्ये जेमतेम तीस अंशांचा फरक आहे, बाकीचे सत्तर वाटेत खर्ची पडले. अशा वेळी लोक दुसरं मॉड्यूल आणायला धावतात. पैसे वाया. दोष बहुतेक वेळा सांध्यात, म्हणजे पातेलं, पट्टी, मॉड्यूल आणि सिंक एकमेकांना टेकतात तिथे असतो.

पट्टीवर स्टीलची फूटपट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. फटीतून उजेड येतोय? मग काचेवर वॉटर पेपर पसरून पट्टी सपाट होईपर्यंत घासा. पातेल्याचा बूडही असाच तपासा, बहुतेक पातेली मधे फुगीर असतात. पेस्ट लोण्यासारखी थापू नका. तिचं काम फक्त बारीक खळगे भरणं. जाड थर उलट उष्णता अडवतो. दाबून परत उघडा: सगळीकडे पारदर्शक होईल इतका पातळ ठसा दिसला पाहिजे. एका कोपऱ्यात जाड राहिली असेल तर तिथे दाबच पोचलेला नाही.

फेविक्विक, अरल्डाइट अजिबात नको. कसायचं स्क्रूनेच: स्टेनलेस स्टीलचे, बुडलेल्या डोक्याचे, सिंकच्या बाजूला नायलॉनचा वॉशर घालून. सिंकमधलं भोक जरा मोठं ठेवा. स्क्रू सिंकला टेकला की उष्णता मॉड्यूलला वळसा घालून त्यातूनच खाली पळते. दोन्ही स्क्रू आलटून पालटून पाव-पाव फेरा. एकच बाजू आवळलीत की मॉड्यूलचं सिरॅमिक तडकलंच. एकदा गरम होऊन गार झालं की परत कसा, कारण पेस्ट दबून पातळ झालेली असते.

उष्णतेतून वीज देणाऱ्या पातळ थरांच्या पदार्थांवर संशोधन चालतं तिथेही हीच डोकेदुखी आहे. अतिपातळ थर वापरले तर असे पदार्थ जास्त कार्यक्षम होतील ही कल्पना हिक्स आणि ड्रेसेलहाउस या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडली. पण थर काही मायक्रॉनचा झाला की त्याच्या दोन बाजूंत तापमानाचा फरक टिकवणं आणखी कठीण होतं आणि सांधाच सगळं खातो.

कडेला सिलिकॉन लावा, नाहीतर इथल्या दमट हवेत गार बाजूचं दव आत शिरतं. मीटर उणे दाखवत असेल तर तारा उलट करा. दोन व्होल्ट ओलांडले की ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून लाल एलईडी जोडा. पांढऱ्यासाठी बूस्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लागेल, आणि त्याचा लोड पडला की व्होल्टेज बरंच खाली येईल, मॉड्यूलचा स्वतःचाच रोध दोनेक ओहम असतो. पातेल्यातलं पाणी निवलं की बदलत राहा.