स्थानिक ऊर्जा धोरणासाठी नागरिकांची मोहीम: या चुका टाळा

मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, अधिकारी ‘सकारात्मक विचार करू’ म्हणतात आणि वर्ष उलटून गेलं तरी धोरणात एक ओळही बदललेली नसते. मग ‘लोकांना कशाचंच पडलेलं नाही’ असं म्हणत कार्यकर्ते पांगतात. हे निदान बहुतेक वेळा चुकतं. लोक आलेले असतात, पण मागणी चुकीच्या टेबलावर गेलेली असते, नाहीतर निर्णय होऊन गेल्यावर पोचलेली असते. शाश्वत ऊर्जेसाठी मनापासून राबणाऱ्या माणसांची शक्ती अशी वाया जाताना पाहणं फार क्लेशदायक आहे, कारण यातल्या बऱ्याच चुका आधी ओळखता येतात.

ज्याच्या हातात निर्णय नाही, त्याच्याकडेच मागणी

विजेचे दर, नेट मीटरिंगचे (छतावरची जास्तीची सौर वीज जाळ्यात देऊन बिलातून वळती करण्याचे) नियम, बाहेरून वीज विकत घेण्याची मुभा या गोष्टी सहसा राज्य किंवा देश पातळीवरचा नियामक ठरवतो. त्यासाठी नगरपालिकेसमोर कितीही दिवस बसलात तरी पालिका काही देऊ शकत नाही. उलट पालिकेच्या हातात जे खरोखर असतं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं: बांधकाम परवान्याचे नियम, सार्वजनिक इमारतींची छतं, रस्त्यावरचे दिवे, पाणी उपसणारे पंप, बसचा ताफा. नुसत्या पंपांचं वीजबिल मागवून पाहा, कामाला कुठून सुरुवात करायची ते तिथेच कळेल.

पहिल्या बैठकीतच एक तक्ता करा. मागणी कोणती, निर्णय कुणाचा, कोणत्या नियमाखाली, सही कुणाची आणि पैसा कोणत्या खात्यातून येणार. यातला एक रकाना जरी कोरा राहिला, तर ती मागणी अजून मांडण्याजोगी झालेली नाही. चुकीच्या दारात आधीच वर्ष गेलं असेल तर मागणी सोडू नका, ती तोडून वाटा. पालिकेनं ठराव करावा आणि नियामकाच्या जनसुनावणीत स्वतःचं लेखी म्हणणं मांडावं, एवढं तिच्याकडून नक्की मागता येतं.

तारखेकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जर्मनीत हॅम्बुर्ग आणि बर्लिन या दोन शहरांत नागरिकांनी जवळपास एकाच वेळी एकच मागणी लावून धरली: वीजजाळं पुन्हा शहराच्या मालकीचं व्हावं. हॅम्बुर्गचं सार्वमत 22 सप्टेंबर 2013 रोजी, देशाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी झालं. 50.9 टक्के मतं मिळून ते जेमतेम मंजूर झालं. बर्लिनमध्ये मोहिमेनं दोन लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या होत्या, पण तिथल्या सरकारनं मतदान निवडणुकीच्या दिवशी न ठेवता 3 नोव्हेंबरला ठेवलं. मतदान करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी बाजूनं कौल दिला, तरी प्रस्ताव पडला. अट अशी होती की, एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्क्यांनी ‘हो’ म्हणायला हवं. आकडा 24 टक्क्यांच्या थोडा पुढे जाऊन थांबला, सुमारे 21 हजार मतं कमी पडली.

बर्लिनकरांची कळकळ हॅम्बुर्गकरांपेक्षा कमी नव्हती. तारीख त्यांच्या हातात नव्हती आणि किमान मतांची अट वेगळी होती. 2021 मध्ये बर्लिननं ते जाळं विकत घेतलं खरं, पण मध्ये कितीतरी वर्षं गेली.

म्हणून कॅलेंडर आधी, फलक नंतर. वीजजाळ्याचा करार कधी संपतो? (जर्मनीत असे करार जास्तीत जास्त 20 वर्षांचे असतात, म्हणजे एक संधी हुकली की पुढची पिढीच्या अंतरानं येते.) अर्थसंकल्पाचा मसुदा कोणत्या महिन्यात बनतो? दरनिश्चितीच्या सुनावणीत हरकती नोंदवायची शेवटची तारीख कोणती? अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर केलेली मागणी म्हणजे वरातीमागून घोडं. मुदत टळलीच असेल तर पुढच्या फेरीची तारीख काढा आणि मधला काळ मसुदा करायला वापरा.

घोषणा तयार, मसुदा नाही

‘हरित ऊर्जा हवी’ या वाक्याला कुणी विरोध करत नाही, म्हणूनच ते पाळायचं बंधनही कुणावर येत नाही. ‘अमुक क्षेत्रफळावरच्या नव्या इमारतीच्या छतापैकी इतका भाग सौर पॅनेलसाठी राखावा, तो राखला नसेल तर वापर परवाना देऊ नये’ असं लिहून दिलंत तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं आणि त्या कारणावर पुढचं काम करता येतं.

आकड्यांत घसरणं

किलोवॅट आणि युनिट यांची गल्लत विरोधकांच्या हातात आयतं कोलीत देते. किलोवॅट हे एका क्षणाच्या क्षमतेचं माप आहे. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास वीज खर्च होते. ‘आमच्या पॅनेलमधून रोज पाच किलोवॅट वीज बनते’ असं सुनावणीत कुणी बोललं की समोरच्या अभियंत्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

‘शंभर टक्के नवीकरणीय’ हा शब्दही जपून वापरावा. डेन्मार्कचं साम्सो बेट याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. 1997 मध्ये सरकारी स्पर्धा जिंकल्यावर या बेटानं जमिनीवर 11 आणि समुद्रात 10 पवनचक्क्या उभारल्या, त्यांतल्या कित्येकांची मालकी रहिवाशांकडे आहे. यश मोठंच आहे. पण हिशेब वर्षभराचा आहे: वारा जास्त असताना वीज केबलनं मुख्य भूमीकडे जाते, कमी पडली की तिकडूनच येते, आणि मोटारींना लागणारं तेल समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या विजेनं हिशेबात भरून काढलं जातं. हे स्वतःहून सांगा. विरोधकानं उघड करून दाखवलं तर तेच सत्य लपवल्यासारखं दिसतं.

वीजवितरणाच्या अभियंत्यांशी वैर

एकाच फीडरवर (उपकेंद्रातून वस्तीकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर) भर दुपारी खूप सौर वीज आली की व्होल्टेज वाढतं. ही अडचण खरी असते, नेहमीच सबब नसते. ‘आमच्या भागातल्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) क्षमता किती आणि त्यावर आता किती सौर जोडण्या आहेत?’ हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर आलं तर मागणी नेमकी करता येते, उत्तर नाकारलं तर ती माहिती जाहीर करा हीच तुमची पुढची मागणी.

ज्यांना छत आहे, त्यांचीच संघटना

बैठकीला तेच ते चेहरे येतात, अशी तक्रार असेल तर विषयपत्रिका तपासा. भाडेकरूंना पॅनेलच्या अनुदानात काय रस असणार? त्यांना बिल कमी हवंय, उन्हाळ्यात घर कमी तापायला हवंय. प्रकल्पात लोकांना वाटा मिळण्याची व्यवस्था केली की बरीच माणसं सोबत येतात. डेन्मार्कच्या 2008 च्या कायद्यात नव्या पवनचक्कीचे किमान 20 टक्के हिस्से आधी आसपासच्या रहिवाशांना देऊ करण्याची सक्ती होती. शेजाऱ्यांचा विरोध सहसा यंत्रापेक्षा, ‘त्रास आम्हाला, नफा दुसऱ्याला’ या हिशेबाला असतो.

ठराव झाला की घरी जाणं

श्योनाऊ हे जर्मनीतलं छोटं गाव. 1986 च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथल्या पालकांनी वीजबचतीच्या स्पर्धांपासून सुरुवात केली आणि पुढे गावचं वीजजाळंच घ्यायचं ठरवलं. 1991 चं सार्वमत ते जिंकले. पण 1996 मध्ये पुन्हा मतदान झालं, तेही जिंकावं लागलं, मग जाळ्याच्या किमतीवरून वाद पेटला आणि देशभरातून देणग्या गोळा कराव्या लागल्या. ताबा मिळाला 1997 मध्ये. पहिल्या विजयानंतर गट विखुरला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. म्हणून कामं आधीपासून वाटून ठेवा: सुनावण्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, लोकांशी बोलणं तिसऱ्याकडे. सगळं एकाच्या डोक्यात असेल तर तो आजारी पडला की मोहीम थांबते.

आणि किती किंमत मोजेपर्यंत लढायचं, हेही लिहून ठेवा. अमेरिकेतल्या बोल्डर शहरात 2011 मध्ये मतदारांनी स्वतःची वीजसंस्था काढायला मंजुरी दिली. न्यायालयं, नियामक आणि वाढता खर्च यांत जवळजवळ दशक गेलं आणि 2020 मध्ये मतदारांनीच जुन्या कंपनीशी नवा करार करायचा कौल दिला. मात्र 20 वर्षांच्या त्या करारात, कंपनीनं उत्सर्जन घटवण्याची उद्दिष्टं गाठली नाहीत तर ठरावीक टप्प्यांवर बाहेर पडण्याची मुभा शहरानं लिहून घेतली आहे.