विंडो एवढुशीच दिसायलीय? आधी स्केलिंग बघा

परवा परभणीहून भाच्याचा फोन, मामा जावाचा कोड तोच हाय पण नव्या लॅपटॉपवर साधा रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) लावला की विंडो बरोबर दिसायलीय अन ओपनजीएलवाला (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणारा) लावला की काडेपेटीएवढी. मला वाटलं पोरानंच काहीतरी उचकापाचक केली असंल, पण नाही, खोड स्केलिंगची होती.

होतं असं, फोरके म्हणजे लई दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर विंडोज बहुतेक वेळा 150 नाहीतर त्याच्याहून जास्त टक्के स्केल लावून देतं, म्हणजे सगळं तेवढं मोठं करून दाखवतं. जावा 9 पासून जावाची साधी विंडो हे स्केल पाळते, म्हणजे तुम्ही 800 बाय 600 लिहिलं तरी 150 टक्क्याला ती खऱ्या 1200 बाय 900 पिक्सेलवर पसरते. ओपनजीएलवाली लायब्ररी बऱ्याचदा 800 म्हणलं की मोजून 800च घेते. खोटं कुणीच नाही, एक पायलीनं मोजायलंय अन दुसरं किलोनं.

खात्री करायची तर स्केल 100 टक्के करा, प्रोग्राम बंद करून परत चालू करा, दोन्ही विंडो सारख्या आल्या की रोग सापडला. मग स्केल परत जागेवर ठेवा (100 वर अक्षरं वाचायला भिंग लागंल) अन प्रोग्रामच्या एक्सी फाइलवर (जिनं प्रोग्राम चालू होतो ती .exe) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथं हाय डीपीआय सेटिंगमधी ओव्हरराइडला टिक मारून 'सिस्टिम' निवडा. प्रोग्राम वेगळ्या जावाच्या एक्सीतून चालत असला तर हे त्या जावाच्या एक्सीवर करायचं, इथंच लई जण चुकतात. चित्र जरा धूसर येतं, पण माप तरी सारखं. धूसर नकोच असलं तर जावाचं यूआयस्केल (विंडो किती पट मोठी करायची ती सेटिंग) 1 करा अन रुंदी-उंची कोडमधीच स्केलएवढी वाढवून लिहा, 150 टक्के असंल तर दीडपट.