चालू सर्व्हरवरची माउंट केलेली फाइल सिस्टिम वाढवताना

लिनक्स सर्व्हरवरची 'व्हार' फाइल सिस्टिम (लॉग, डेटाबेस वगैरे सतत बदलणाऱ्या फाइल्सची जागा) ९५ टक्के भरली म्हणून सर्व्हर बंद करण्याची किंवा ती अनमाउंट करण्याची, म्हणजे वापरातून तात्पुरती काढण्याची, गरज नसते. ती एलव्हीएमच्या (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटून देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या) लॉजिकल व्हॉल्यूमवर, म्हणजे अशा वाटून दिलेल्या भागावर, असेल, तर डेटाबेस चालू असतानाच ती वाढवता येते. मात्र एकदा दिलेली जागा परत घेणे फार अवघड असते, त्यामुळे पहिली कमांड देण्याआधीची तपासणी हाच मला या कामाचा मुख्य भाग वाटतो.

जागा खरोखरच संपली आहे का, हे आधी पाहावे. डिव्हाइसवर जागा शिल्लक नसल्याचा संदेश आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपल्यावरही येतो, म्हणून वापरलेली व मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड एकदा नेहमीसारखी आणि एकदा 'आय' पर्यायासह चालवावी. तसेच एखादी मोठी लॉग फाइल पुसली, पण एखाद्या प्रोसेसने ती उघडी ठेवली असेल, तर तिची जागा मोकळी होत नाही. अशी प्रोसेस एलएसओएफने (उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या कमांडने) शोधून संबंधित सर्व्हिस रीस्टार्ट केली, की पुष्कळदा फाइल सिस्टिम वाढवण्याचे कारणच उरत नाही.

वाढवायचेच ठरले, तर डीएफला मोठ्या लिपीतला 'टी' पर्याय देऊन फाइल सिस्टिम ईएक्सटी४ या प्रकारची आहे की एक्सएफएस, हे टिपून ठेवावे, व्हीजीएस कमांडने व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एकत्र केलेल्या डिस्कच्या साठ्यात) किती जागा मोकळी आहे ते पाहावे, आणि ताजा बॅकअप असल्याची खात्री करावी.

ग्रुपमध्ये ३० जीबी मोकळे आहेत आणि 'व्हार'ला १० जीबी द्यायचे आहेत, असे समजू. एलव्हीएक्सटेंड कमांडला मोठ्या 'एल'पुढे '+१०जी' आणि त्यानंतर व्हॉल्यूमचा पाथ द्यावा. येथे अधिकचे चिन्ह विसरू नये. त्याच्याशिवाय १० जीबी हा आकडा वाढ न ठरता एकूण आकार ठरतो. व्हॉल्यूम आधीच ५० जीबीचा असेल, तर एलव्हीएक्सटेंड ते काम करण्यास नकार देते, पण एलव्हीरिसाइझ ही कमांड मात्र व्हॉल्यूम लहान करायला निघते आणि आपण तिच्या इशाऱ्याला घाईने होकार दिला, तर डेटा जातो. म्हणून वाढवण्यासाठी नेहमी एलव्हीएक्सटेंडच वापरावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एवढे करूनही डीएफमध्ये जुनाच आकडा दिसतो आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. वाढला आहे तो खालचा व्हॉल्यूम. त्याच्यावरच्या फाइल सिस्टिमला नव्या जागेची अजून दखल नाही. ईएक्सटी४ असेल तर रिसाइझ२एफएस कमांडला व्हॉल्यूमचा पाथ द्यावा, आणि एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस कमांडला माउंट पॉइंट द्यावा. एलव्हीएक्सटेंडला लहान 'आर' पर्याय दिल्यास दोन्ही पायऱ्या एकदम पार पडतात, परंतु पहिल्या काही वेळी त्या वेगवेगळ्या करून पाहाव्यात, म्हणजे अडले तर नेमके कोठे अडले ते कळते.

ग्रुपमध्ये जागाच नसेल, तर नवी डिस्क जोडून डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये तिचे नाव पाहावे, ती रिकामी असल्याची 'एलएसबीएलके'च्याच 'एफ' पर्यायाने खात्री करावी, आणि मग तिला फिजिकल व्हॉल्यूम (एलव्हीएमने वापरायची डिस्क किंवा पार्टिशन) बनवणारी पीव्हीक्रिएट व त्यानंतर तिला ग्रुपमध्ये घेणारी व्हीजीएक्सटेंड चालवावी. व्हर्च्युअल मशीनची जुनीच डिस्क मोठी केली असेल, तर डिस्क रीस्कॅन करून पीव्हीरिसाइझ पुरते. मात्र फिजिकल व्हॉल्यूम पार्टिशनवर असेल, तर आधी ते पार्टिशन वाढवावे लागते.

सगळी मोकळी जागा एकाच व्हॉल्यूमला देण्याचा मोह टाळावा. ईएक्सटी४ लहान करायची झाल्यास ती अनमाउंट करावी लागते, आणि एक्सएफएसच्या बाबतीत बॅकअप घेऊन ती नव्याने तयार करणे हाच व्यवहार्य मार्ग असतो. ग्रुपमध्ये थोडी जागा राखून ठेवली, तर उद्या दुसरी फाइल सिस्टिम भरल्यावर ती उपयोगी पडते आणि अपग्रेडपूर्वी स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) घेण्यासाठीही तीच लागते.

शेवटी डीएफ पुन्हा चालवून नवा आकार पाहावा आणि कर्नलच्या लॉगमध्ये काही त्रुटी नोंदली गेली आहे का, ते तपासावे. व्हॉल्यूमचे नाव आणि फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) बदलत नसल्यामुळे काय कोठे माउंट करायचे याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलला हात लावण्याची गरज नाही.