घरच्या घरी मानेचं ट्रॅक्शन: किती ओढायचं, सोडायचं कसं

मान दुखते म्हणून ट्रॅक्शनचं, म्हणजे मान हळूच ओढून ताणण्याचं, साधन आणणारे दोन प्रकारचे असतात. एकाची फक्त मान अवघडलेली असते, म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे वाकून खांद्यापर्यंतचे स्नायू आखडलेले असतात. दुसऱ्याची कळ मानेतून निघून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात, रात्री हात कुठे ठेवावा कळत नाही. ट्रॅक्शनचा खरा उपयोग या दुसऱ्याला. पहिल्याला शेक, हलका व्यायाम आणि बसण्याची उंची बदलणं यानेच बहुतेक वेळा भागतं. साधनाने त्याला बरं वाटेलही, पण ते तेवढ्यापुरतं.

मानेत सात मणके आणि त्यांच्यामधून बाहेर पडणाऱ्या नसांच्या आठ जोड्या असतात. मणक्यांमधली गादी सरकली किंवा झिजली, कडेला हाड वाढलं, की नस बाहेर पडते ती फट अरुंद होते. डोकं हळूच वर ओढलं की फट किंचित मोकळी होते आणि आवळलेले स्नायूही सैलावतात. ट्रॅक्शनमध्ये होतं ते एवढंच. गादी त्यामुळे कायमची जागेवर बसत नाही, झीज भरून येत नाही.

तुमच्या मानेला ओढ मानवेल का?

हातात कळ येणाऱ्या माणसाकडे नीट पाहा. बऱ्याचदा तो दुखरा हात उचलून तळवा डोक्यावर ठेवून बसतो, कारण तसं केलं की नसेवरचा ताण उतरतो आणि कळ थांबते. फिजिओथेरपिस्टही तपासताना दोन्ही हातांनी डोकं अलगद वर उचलून बघतात. तेवढ्याने हातातली कळ कमी झाली, तर ट्रॅक्शन लागू पडण्याची शक्यता चांगली असते. ही तपासणी स्वतःवर किंवा घरच्यांकडून करून घेऊ नये. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडे जायलाच हवं. वजन किती, कोन किती, किती मिनिटं, हे तिथे लिहून घ्या आणि एकदा त्यांच्यासमोर साधन लावून बघा.

काही जणांनी मात्र याला हातच लावू नये. संधिवात असणाऱ्यांच्या (र्‍हुमॅटॉइड प्रकारच्या) मानेतले वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, डाउन सिंड्रोममध्येही हा धोका असतो. हाडं ठिसूळ झालेली, नुकताच अपघात किंवा मानेला हिसका बसलेला, मानेची शस्त्रक्रिया झालेली, मणक्यात गाठ किंवा जंतुसंसर्ग, मान वळवली की घेरी येणं, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा आजार: यातलं काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय ओढ नको.

आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, चालताना तोल जातोय, हाताची पकड सुटतेय, लघवीवरचा ताबा ढिला पडलाय, असं काही असेल तर दुखणं नसेच्या पुढे मज्जारज्जूपर्यंत गेलेलं असू शकतं. तिथे साधन आणण्यात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर गाठा. तापासोबत मान ताठ झाली असेल तरीही तेच.

कुठलं साधन?

दारावर टांगायचं सगळ्यात जुनं आणि साधं: दाराला अडकवायची लोखंडी पट्टी, पुली, दोरी, डोक्याला बांधायचे पट्टे आणि पाण्याची पिशवी. दुसरं झोपून वापरायचं. त्यात कवटीच्या मागच्या कडेखाली दोन गाद्या बसतात, आणि हातपंपाने हवा भरली की डोक्याखालचा भाग सरकून मान ओढली जाते. शिवाय दाब दाखवणारा काटा असतो. निवड माझ्यावर असेल तर मी हेच घेईन. हनुवटीवर काही येत नाही, डोक्याचं वजन जमिनीवर असतं, माणूस खरोखर सैल पडतो. हातात कळ येणाऱ्या 86 रुग्णांवरच्या 2014 सालच्या एका चाचणीतही नुसता व्यायाम आणि व्यायामासोबत दारावरचं ट्रॅक्शन यांच्यापेक्षा व्यायामाच्या जोडीला यंत्राने दिलेलं ट्रॅक्शन सहा महिन्यांनी सरस ठरलं होतं. अर्थात ते यंत्र दवाखान्यातलं होतं, आणि एकूण पुरावा काही भक्कम नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2008 च्या कॉक्रेन आढाव्याला ट्रॅक्शनच्या बाजूने किंवा विरोधात ठाम काही सांगता आलं नव्हतं.

हवेने फुगणारी कॉलर स्वस्त आणि सुटसुटीत असते, पण ती नेमकी किती जोर लावते हे कळायला मार्ग नाही. फुगवता फुगवता गळ्याच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. चेहरा लाल होऊ लागला किंवा कानशिलं ठणकू लागली, की तिथेच हवा सोडायची.

राहिला तो कमानदार फोमचा ठोकळा, ज्यावर मान टेकवून पडायचं. त्याला ट्रॅक्शन म्हणून विकतात, पण तो ओढत फारसा नाहीच, मान मागे वाकवतो. मान मागे गेली की नसेची फट आणखी अरुंद होते. वर पाहिल्यावर ज्यांच्या हातात कळ जाते त्यांनी त्यावर झोपू नये.

दारावरचं ट्रॅक्शन, पायरीपायरीने

दार मजबूत, पूर्ण बंद आणि आतून कडी लावलेलं हवं. मागून कुणी दार ढकललं तर हिसका थेट मानेला बसतो, त्यामुळे घरात सांगूनच बसा. चष्मा आणि कानातलं काढून ठेवा.

खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा. अनेकजण पाठ करून बसतात, तसं केलं की दोरी मान मागे खेचते. दाराकडे तोंड असलं की मान साधारण 15 ते 25 अंश पुढे झुकते, आणि फट मोकळी होते ती याच कोनात. गुडघे दाराला टेकत असतील तर पाय फाकवून बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, खांदे सैल.

आता पट्टे. मागचा पट्टा कवटीच्या तळाशी, डोक्याच्या मागे जे हाडाचं उंच टोक लागतं त्याच्या खाली अडकायला हवा. पुढचा हनुवटीखाली. ओढ मागच्या पट्ट्यावर आली पाहिजे, पुढचा फक्त जागा धरून ठेवण्यासाठी आहे. नीट बसला की नाही हे दातांवरून कळतं: वजन आल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर घट्ट दाबले जात असतील तर जोर जबड्यावर चाललाय. मागचा पट्टा आखूड करा, खुर्ची थोडी मागे घ्या, हनुवटीखाली मऊ कापडाची घडी ठेवा. तरीही जबडा दुखलाच तर हे साधन तुमच्यासाठी नाही. जबड्याच्या सांध्याचं दुखणं आधीपासून असेल त्यांनी तर झोपायच्या प्रकाराकडेच वळावं.

पिशवीत पाणी भरताना आकडे नीट वाचा. पुष्कळ पिशव्यांवरच्या खुणा पौंडात असतात. 10 पौंड म्हणजे साडेचार किलो. 10 पौंड सांगितलेले असताना कुणी 10 किलो पाणी भरलं तर दुपटीहून जास्त वजन मानेवर लटकतं. खात्री नसेल तर मापाने भरा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सुरुवात साडेतीन-चार किलोंपासून करतात. बसलेल्या माणसाच्या डोक्याचंच वजन साडेचार-पाच किलो असतं, त्यामुळे एवढ्या वजनात डोकं पुरतं तोललंही जात नाही. पहिल्या दिवशी 'काहीच होत नाहीये' वाटतं ते यामुळे. घाईने पाणी वाढवायचा मोह इथेच होतो. वाढवायचं ते चार-दोन दिवसांनी, अर्धा-एक किलोने, आणि थेरपिस्टने सांगितलेल्या मर्यादेपर्यंतच.

पिशवी धप्पकन सोडू नका. हातात धरून हळूहळू खाली द्या, दोरी ताणत जाईल. मग डोळे मिटून श्वास संथ सोडत पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. पुढे दहा, फार तर पंधरा-वीस. गजर लावून ठेवा, डुलकी लागू देऊ नका. या वेळात मोबाइल पाहायचा नाही, त्याकडे मान वळली की कोन गेलाच.

उतरवणं लावण्याइतकंच हळू. पिशवी हाताने उचलून धरा, दोरी पूर्ण ढिली होऊ द्या, मगच पट्टे काढा. आणि लगेच उठू नका. दोन-चार मिनिटं तिथेच बसा. ओढलेले स्नायू झटक्यात मोकळे झाले की कळ उलटून येते, आणि दोष साधनावर जातो.

झोपून वापरत असाल तर

गाद्या कवटीच्या कडेखाली घट्ट बसवा, सैल राहिल्या तर घसरून कानांवर येतात. कपाळाचा पट्टा बांधा, गुडघ्यांखाली उशी घ्या. पंप थोडा थोडा दाबत काट्यावर साधारण चार-पाच किलो आले की थांबा. हवा सोडायचं बटण पूर्ण वेळ हातात हवं. सलग ओढ सोसत नसेल तर अर्धा-एक मिनिट ओढ, दहा-वीस सेकंद ढिली, असं आलटून पालटून करता येतं. संपल्यावर कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा.

चाललंय ते बरोबर आहे का?

कळ कुठवर जाते याच्यावर लक्ष ठेवा, किती दुखतं यापेक्षा ते महत्त्वाचं. काल बोटांपर्यंत जाणारी कळ आज कोपरापर्यंतच थांबली, मानेत मात्र थोडी जास्त जाणवते, तर गाडी योग्य दिशेने चाललीय. उलट मान मोकळी वाटतेय पण मुंग्या खांद्याकडून बोटांकडे सरकल्या, तर वजन किंवा कोन चुकतोय. त्या दिवशी बंद करा आणि विचारा. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, कानात आवाज, हातात नवा अशक्तपणा, यातलं काहीही झालं तर तत्क्षणी ओढ काढायची.

सोबत व्यायाम हवाच: हनुवटी सरळ मागे घेणं, खांद्याची पाती जवळ आणणं. ट्रॅक्शननंतर मान मोकळी असते तेव्हाच ते केले की सोपे जातात.

दबलेल्या नसेचं दुखणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतं. कळ हातातून गेली की रोजचं ट्रॅक्शन एक दिवसाआड करा, मग सोडून द्या. दोन-तीन आठवडे नेमाने करूनही कळ तसूभर हलली नसेल तर वजन वाढवत बसू नका, पुन्हा डॉक्टरांना दाखवा. साधन ठेवून देताना पिशवीतलं पाणी काढून ती उलटी वाळवा, आणि पुन्हा बाहेर काढाल तेव्हा आधी पुलीजवळची दोरी विरलीय का ते बघा.