कुणाला दिलं होतं ते औषध?

एप्रिल 2021. तालुक्याच्या गावातल्या माझ्या ओपीडीत मधुमेह असलेले एक काका आले. ताप येऊन तीन दिवस झालेले, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 97, शुगर 380 आणि खिशात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची स्ट्रिप, चार गोळ्या काढलेली. "कोरोनावर हेच चालतं म्हणाले ना मॅडम." चालतं हे खरंच होतं. पण कुणाला?

शोधनिबंध हातात आला की मी निष्कर्षाआधी पेशंट कोण होते ते बघते. कोरोनावर डेक्सामेथासोन चालतं हे ज्या चाचणीतून कळलं, त्या ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत सगळे हॉस्पिटलात दाखल झालेले पेशंट होते. काकांसारखा घरी असलेला त्यात कुणी नव्हताच.

मग गट कसे पाडले ते. 2104 जणांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सा, जास्तीत जास्त 10 दिवस. 4321 जणांना नेहमीचे उपचार. कोण कुठे जाणार हे सोडत काढल्यासारखं ठरलं. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं. 'बरं वाटतंय का' असं मोजलं असतं तर मी बिचकले असते, पण मोजले 28 दिवसांतले मृत्यू. तिथे मताला वाव नाही.

आता तक्ता. इथे पेन घेऊन बसा. एकूण मृत्यू 25.7 टक्क्यांवरून 22.9 वर आले. बातम्यांत एवढंच पोचलं. खालच्या ओळी वाचा. व्हेंटिलेटरवरचे: 41.4 वरून 29.3, म्हणजे आठ-नऊ जणांना औषध दिलं की एक जीव वाचला. नुसता ऑक्सिजन लागलेले: 26.2 वरून 23.3. ऑक्सिजन न लागलेले: 14.0, आणि डेक्सा घेतलेल्यांत 17.8!

असे उपगट मागाहून पाडले असतील तर मी विश्वास ठेवत नाही. हे आधीच ठरवलेले होते. तरी शेवटच्या गटातल्या फरकाची कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो टप्पा) 1 च्या दोन्ही बाजूंना जाते, आणि 1 म्हणजे डेक्सा घेतलेल्यांत नि न घेतलेल्यांत मृत्यूचं प्रमाण सारखंच, म्हणून 'डेक्साने माणसं दगावली' असं म्हणता येत नाही. या गटात फायदा मात्र कुठेच दिसत नाही, आणि स्टेरॉइडने वाढणारी शुगर तर माझ्यासमोर चढलेली होती.

काकांना सहा मिनिटं चालवलं, सॅच्युरेशन 96 राहिलं. डेक्सा थांबवली, शुगरचं औषध वाढवलं. काकूंना ऑक्सिमीटर लावायला शिकवलं आणि दर सहा तासांनी आकडा वहीत लिहायला सांगितलं. 94 च्या खाली गेला तर रात्री दोन वाजता असला तरी फोन करायचा.